डेव्हिड बोवी: दर अल्बमला नवा माणूस

शुक्रतारा

नमस्कार मंडळी. इथे बीटल्सवर धागा आहे, पिंक फ्लॉइडवर आहे, क्वीनवर तर भरपूर चर्चा झालेली आहे. डेव्हिड बोवीवर मात्र एकही सापडला नाही, म्हणून हा काढतेय.

बोवी म्हटलं की लोकांना आधी चेहरा आठवतो. लालभडक केस, काढून टाकलेल्या भुवया, चेहऱ्यावरून आडवी गेलेली लाल-निळी वीज. झिगी स्टारडस्ट, अ‍ॅलाडिन सेन, थिन व्हाइट ड्यूक ही त्याच्या रूपांची नावं गाण्यांच्या आधी कानावर पडतात. सोंगं घेणारा गायक अशी ओळख करून देऊन बहुतेक लेख तिथेच संपतात. मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. त्याने जेवढे वेश बदलले त्याहून जास्त सोबतची माणसं बदलली, आणि खरं रूपांतर तिथे झालं, असं मला मनापासून वाटतं. दर दोन-तीन वर्षांनी हा माणूस अशा वादकांमध्ये जाऊन उभा राहायचा, ज्यांचं संगीत त्याच्या हातातलं नव्हतं. मग त्यांच्याकडून तो जे काढून घ्यायचा ते त्यांनाही एरवी सुचलं नसतं.

थोडी पार्श्वभूमी, नवीन वाचकांसाठी. जन्म ८ जानेवारी १९४७, लंडनमधलं ब्रिक्स्टन. मूळ नाव डेव्हिड जोन्स. मंकीज बँडमध्ये डेव्ही जोन्स आधीच प्रसिद्ध होता, त्यामुळे आडनाव बदललं. पहिलं वाद्य गिटार नव्हे, सॅक्सोफोन. शाळकरी वयात त्याने रॉनी रॉस या जॅझ वादकाकडे काही दिवस शिकवणी घेतली होती. पुढे १९७२ मध्ये लू रीडच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'ची निर्मिती बोवी आणि त्याचा गिटारवादक मिक रॉन्सन यांनी केली, तेव्हा शेवटचा सॅक्सोफोन वाजवायला बोलावलं ते याच रॉसना. गाणं संपता संपता येतो तो तुकडा. मला हे फार आवडतं.

आता एकच जागा जवळून ऐकू. 'अ‍ॅलाडिन सेन', १९७३, त्याच नावाचं गाणं. मधोमध माइक गार्सनचा पियानो सुरू होतो. खाली बेस आणि ड्रम्स दोनच कॉर्ड्सवर ठाम बसलेले, आणि वर हा माणूस सगळी पट्टी उधळून देतो. सूर एकमेकांवर आदळतात, मधेच एखादी ओळखीची धून डोकावते आणि हातातून निसटते. गार्सनने स्वतः सांगितलेली हकिगत अशी, की त्याने आधी ब्लूज वाजवून पाहिलं, मग लॅटिन ढंगाचं काही वाजवलं. बोवीला दोन्ही नको होतं. त्याला न्यूयॉर्कच्या साठच्या दशकातल्या मुक्त जॅझचं वादन हवं होतं, जे गार्सनने रॉकच्या गाण्यात कोणी मागेल असं धरलंच नव्हतं. ते एका दमात ध्वनिमुद्रित झालं. त्या वेळी बोवी इंग्लंडचा सगळ्यात लाडका पॉप गायक होता. अशा माणसाने स्वतःच्या गाण्याचा मधला सगळा भाग दुसऱ्याच्या हाती देऊन टाकायचा!

तुम्ही कुठल्या गाण्यातून बोवीत शिरलात, कुठे अडखळलात, काय आवडत नाही, सगळं लिहा.

पाऊसवेडी

अगदी अगदी! किती दिवस वाट पाहत होते या धाग्याची.

मी शिरले 'लाइफ ऑन मार्स?'मधून. 'हंकी डोरी', १९७१. यात पियानो रिक वेकमनचा आहे, आणि लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओतला तो पियानो म्हणजे बीटल्सच्या 'हे ज्यूड'मध्ये वाजलेलाच. वरची तंतुवाद्यांची रचना मिक रॉन्सनची. गिटारवादक म्हणून लोक त्याला ओळखतात, पण हे गाणं ऐकून तो केवढा मोठा संगीत-संयोजक होता ते कळतं. ध्रुपदाच्या आधी सूर पायरी पायरीने चढत जातात आणि बोवी शेवटच्या पायरीवरून उडी घेतो, तिथे दर वेळी अंगावर काटा येतो.

या गाण्यामागे एक जुनी सल आहे. एका फ्रेंच गाण्याच्या चालीला इंग्रजी शब्द लिहायचं काम तरुण बोवीकडे आलं होतं. त्याचे शब्द स्वीकारले गेले नाहीत. त्याच चालीचे हक्क पॉल अँकाने घेतले आणि फ्रँक सिनात्राचं 'माय वे' जन्माला आलं. बोवीने मग तशाच स्वरक्रमावर आपलं गाणं रचलं, आणि अल्बमच्या पाठीमागे फ्रँकीची प्रेरणा असल्याचं चक्क लिहूनही ठेवलं.

गाणं संपल्यावर लगेच पुढचं लावू नका. आवाज वाढवा. वाद्यं विरल्यावर मागे टेलिफोन वाजतो. आधीच्या एका ध्वनिमुद्रणात वाजलेला फोन फितीवर राहून गेला, तो त्यांनी तसाच ठेवला.

तिसरा मजला

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

माझ्यासारखे खूप जण असतील. निर्वाणाचा एमटीव्ही अनप्लग्ड कार्यक्रम, 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड'. कॉलेजात आम्ही ते कर्ट कोबेनचंच गाणं म्हणून गायचो. मूळ बोवीचं, १९७० चं. मूळ ऐकलं तेव्हा आधी विचित्र वाटलं, आवाज लांबून आल्यासारखा आणि ठेका वेगळाच. आता मूळच जास्त आवडतं.

कॅसेटवाला

मी या मंडळींपेक्षा वयाने बराच मोठा. आमच्या वेळी गिरगावात इंग्रजी गाणी ऐकणारी मुलं मोजकीच होती, आणि सगळ्यांची पावलं शनिवारी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसकडे वळायची. तिथल्या बूथमध्ये उभं राहून ऐकता यायचं, घ्यायची ऐपत असो वा नसो. बोवी मला तिथे भेटला, 'लेट्स डान्स'च्या रूपात.

त्याच्या बायकी वेशाचं इंग्लंडमध्ये एवढं वादळ का झालं हे मला तेव्हा समजायचं नाही. आमच्या घरात बालगंधर्वांचा शालू नेसलेला फोटो भिंतीवर होता आणि आजोबा त्याला नमस्कार करायचे. पुरुषाने स्त्रीरूप घेऊन लोकांना वेड लावणं यात नवल ते काय, असं वाटायचं.

शुक्रतारा

काका, काय सुंदर लिहिलंत! एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. बालगंधर्वांचं स्त्रीरूप रंगभूमीच्या चौकटीत होतं आणि पडदा पडला की ते उतरायचं. बोवी ते घेऊन चौकटीबाहेर आला. 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड'च्या इंग्लंडमधल्या मुखपृष्ठावर तो लांब झगा घालून पहुडला आहे. जानेवारी १९७२ मध्ये त्याने मेलडी मेकर साप्ताहिकाला मुलाखत देताना आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांवरचा फौजदारी गुन्हा १९६७ साली, तोही अंशतःच, उठला होता. पुढच्या आयुष्यात तो या विषयावर वेगवेगळं बोलला, पण त्या दिवशी ते छापून आल्याने कितीतरी मुलामुलींना आपण एकटे नाही असं वाटलं.

आणि मग ६ जुलै १९७२. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर 'स्टारमन'. रंगीबेरंगी अंगरखा, निळी गिटार, आणि गाता गाता सहज मिक रॉन्सनच्या खांद्यावर टाकलेला हात. एका ओळीला तो बोट थेट कॅमेऱ्याकडे रोखतो, म्हणजे घरी बसून पाहणाऱ्या पोराकडे. पुढे ऐंशीच्या दशकात नावाजलेल्या अनेक ब्रिटिश गायकांनी त्या काही मिनिटांनी आपलं आयुष्य बदलल्याचं सांगितलं आहे.

ढोलताशा

शुक्रतारा, तुमच्या मूळ मुद्द्याशी मी अर्धाच सहमत आहे. माणसं बदलली हे खरं, पण त्याचा सगळ्यात भक्कम काळ घ्या, १९७६ ते १९८०. 'स्टेशन टू स्टेशन', 'लो', 'हीरोज', 'लॉजर', 'स्केअरी मॉन्स्टर्स'. पाचही अल्बमांत ताल सांभाळणारं त्रिकूट एकच आहे: कार्लोस अलोमार गिटारवर, जॉर्ज मरी बेसवर, डेनिस डेव्हिस ड्रम्सवर. न्यूयॉर्ककडचे तीन वादक, सोल आणि फंक यांत मुरलेले. बोवीच्या त्या सगळ्या जर्मन, थंड, यंत्रासारख्या म्हणवल्या जाणाऱ्या संगीताच्या तळाशी हे तिघे आहेत. त्यांचं नाव निघत नाही याचं मला वाईट वाटतं.

'लो'मधले ड्रम्स ऐका, १९७७. निर्माता टोनी विस्कॉन्टीने इव्हेंटाइडचं हार्मोनायझर नावाचं नवंकोरं यंत्र आणलं होतं. स्नेअरवर काठी पडली की त्या आवाजाची पट्टी खाली घसरत जाते, म्हणजे ठोका पडतो आणि मागोमाग कोसळतो. गंमत अशी की डेव्हिसला हा बदललेला आवाज वाजवतानाच हेडफोनमध्ये ऐकू येत होता. किती जोरात मारलं की आवाज कसा कोसळतो हे ऐकून तो हात कमीजास्त करत होता. म्हणजे यंत्रही त्याने वाद्यासारखं वाजवलं. 'साउंड अँड व्हिजन' चांगल्या स्पीकरवर लावा, मग बोलू.

शुक्रतारा

ढोलताशा, दंडवत! या त्रिकुटावर कोणीतरी लिहायलाच हवं होतं.

आणि बघा, तुमच्या मुद्द्याला जोडूनच माझा पुढे जातो. पाया तोच राहिला, पण त्यावरचा गिटारवादक दर अल्बमला बदलला. 'स्टेशन टू स्टेशन'मध्ये अर्ल स्लिक, 'लो'मध्ये रिकी गार्डिनर, 'हीरोज'मध्ये रॉबर्ट फ्रिप, 'लॉजर'मध्ये एड्रियन बेल्यू, मग 'स्केअरी मॉन्स्टर्स'ला परत फ्रिप. शिवाय घट्ट जमलेल्या त्रिकुटालाही तो स्वस्थ बसू देत नव्हता. 'लॉजर'मधल्या 'बॉइज कीप स्विंगिंग'साठी वाद्यांची अदलाबदल केली, अलोमारला ड्रम्सवर बसवलं आणि डेव्हिसच्या हाती बेस दिला. गाण्याला नुकताच बँड काढलेल्या पोरांचा कच्चेपणा हवा होता, तो असा आला.

मध्यलय

+१. त्रिकुटाबद्दल विशेष आभार.

दूरदेशी

मी गेली काही वर्षं बर्लिनमध्ये राहतोय, त्यामुळे हा धागा पाहून राहवलं नाही.

श्योनेबर्ग भागात हाउप्टश्ट्रासे १५५ या पत्त्यावर बोवी राहायचा. अगदी साधी इमारत, वर्दळीचा रस्ता, आता दाराशी पाटी आहे. लॉस एंजेलिसमध्ये कोकेनने त्याचं शरीर आणि डोकं दोन्ही पोखरलं होतं, तिथून पळून तो इथे आला. सोबत अमेरिकन गायक इगी पॉप. इगीचे 'द इडियट' आणि 'लस्ट फॉर लाइफ' हे १९७७ चे दोन्ही अल्बम याच काळात बोवीने त्याच्याबरोबर केले. बर्लिनचे तीन अल्बम असं सगळे म्हणतात, पण 'लो'चा बराचसा भाग फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत झाला आणि 'लॉजर' स्वित्झर्लंड-न्यूयॉर्कमध्ये. पूर्णपणे इथला असा एकच, 'हीरोज'.

तो झाला हान्झा स्टुडिओत. बर्लिनची भिंत तेव्हा अगदी हाकेच्या अंतरावर होती, नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून पहारेकऱ्यांचा मनोरा दिसायचा. ध्वनिमुद्रणाचा दिवाणखाना प्रचंड मोठा. मी तो आतून पाहिला आहे आणि तिथे उभं राहिल्यावर 'हीरोज'च्या आवाजाचं कोडं उलगडतं.

विस्कॉन्टीने बोवीसमोर तीन मायक्रोफोन लावले. पहिला तोंडापासून वीतभर अंतरावर, दुसरा सुमारे २० फुटांवर, तिसरा दिवाणखान्याच्या पार टोकाला, ५० फुटांवर. पहिला कायम चालू. दुसरा आणि तिसरा अशा रीतीने जोडलेले, की आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच ते उघडतील. सुरुवातीला बोवी खालच्या सप्तकात, जवळजवळ बोलल्यासारखं गातो, तेव्हा आपल्याला फक्त जवळचा मायक्रोफोन ऐकू येतो, त्याचा श्वाससुद्धा. मग तो एक सप्तक वर जातो आणि दुसरा मायक्रोफोन उघडतो. शेवटी तो अक्षरशः किंचाळतो, तेव्हा तिसरा उघडतो आणि अख्खी खोली आवाजाने भरते. दूरचे मायक्रोफोन उघडायचे तर त्याला ओरडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढच्या वेळी ऐकताना आवाज कुठे लांब जातो त्याकडे लक्ष द्या, दोन्ही जागा स्पष्ट कळतात.

वरून फ्रिपची गिटार. तो न्यूयॉर्कहून आला, गाणी आधी ऐकलेली नव्हती, आणि आल्या आल्या वाजवायला लागला. स्पीकरपासून किती अंतरावर उभं राहिलं की गिटार कोणत्या सुरात गुंजते ते पाहून जमिनीवर खुणा केल्या होत्या. तो पुढे-मागे सरकत सूर धरायचा. असं तीनदा वाजवलेलं सगळं एकत्र मिसळलं, तो गाण्यावर कायम तरंगणारा सूर.

गाण्यातलं भिंतीपाशी चुंबन घेणारं जोडपं म्हणजे खुद्द विस्कॉन्टी आणि गायिका अँटोनिया मास. खिडकीतून बोवीने त्यांना पाहिलं होतं. विस्कॉन्टी तेव्हा विवाहित होता म्हणून बोवीने ही गोष्ट कित्येक वर्षं उघड केली नाही.

जून १९८७ मध्ये तो पश्चिम बर्लिनमध्ये राइश्टागसमोर गायला. भिंतीपलीकडे पूर्वेच्या बाजूला हजारो तरुण जमले आणि तिथल्या पोलिसांशी त्यांची झटापट झाली. अडीच वर्षांनी भिंत पडली. तो गेला तेव्हा जर्मनीच्या परराष्ट्र मंत्रालयाने भिंत पाडायला हातभार लावल्याबद्दल त्याचे जाहीर आभार मानले.

नवखी श्रोता

बापरे, हे वाचून आत्ताच 'हीरोज' परत लावलं. खरंच कळतं! याआधी मला वाटायचं की नंतर आवाज मोठा केला असेल.

एक विचारू का? त्याचे दोन डोळे वेगवेगळ्या रंगांचे होते ना?

तिसरा मजला

रंग एकच, निळा. शाळेत असताना एका मुलीवरून जॉर्ज अंडरवुड या मित्राशी मारामारी झाली आणि त्याच्या ठोशाने डाव्या डोळ्याची बाहुली कायमची विस्फारलेली राहिली, म्हणून तो डोळा काळसर दिसतो. मैत्री शेवटपर्यंत टिकली. अंडरवुड पुढे चित्रकार झाला आणि त्याने बोवीच्या अल्बमच्या मुखपृष्ठांवरही काम केलं.

वाईकर

आमच्या भागाचा संबंध आहे म्हणून लिहितो. पाचगणीचं सेंट पीटर्स स्कूल. फरोख बुलसारा नावाचा झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा तिथे वसतिगृहात राहून शिकला, तिथे पियानो शिकला आणि मित्रांबरोबर हेक्टिक्स नावाचा पहिला बँड काढला. तोच फ्रेडी मर्क्युरी.

१९८१ च्या उन्हाळ्यात क्वीन मंडळी स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला आपल्या स्टुडिओत काम करत होती. बोवी जवळच राहायचा, तो भेटायला आला आणि एका बैठकीतून 'अंडर प्रेशर' उभं राहिलं. बोवी आणि फ्रेडीने आलटून पालटून खोलीत जायचं, दुसऱ्याने काय गायलं ते न ऐकता जे सुचेल ते गायचं, मग त्यातले तुकडे निवडायचे, अशी पद्धत ठेवली होती. म्हणून त्या गाण्यात फ्रेडीच्या ताना इतक्या मोकळ्या आहेत, शब्दसुद्धा नसलेल्या. बोवीचा जड आवाज खाली आणि फ्रेडी वर झेपावतोय, हे ऐकताना मला अजूनही पाचगणीच्या शाळेचा तो परिसर डोळ्यांसमोर येतो. आम्ही लहानपणी तिथून जायचो, कोणी सांगितलं नव्हतं की इथे कोण शिकून गेलाय. आता मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

फ्रेडी असताना दोघं हे गाणं रंगमंचावर एकत्र कधीच गायले नाहीत. बोवीने ते गायलं २० एप्रिल १९९२ ला, वेम्ब्लीत फ्रेडीच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत, अ‍ॅनी लेनॉक्सबरोबर. त्याच दिवशी हजारो लोकांसमोर त्याने गुडघे टेकून प्रार्थना म्हटली. नंतरच्या दौऱ्यांत फ्रेडीचा भाग गायची गेल अ‍ॅन डॉर्सी, तीही हातातला बेस वाजवता वाजवता. ती चित्रफीत नक्की शोधा.

मध्यलय

वाईकर, ही माहिती सुरेखच. आता मी थोडं वेगळं बोलतो.

मला 'लेट्स डान्स' पटत नाही. काका, राग मानू नका. 'लो' आणि 'हीरोज' करणाऱ्या माणसाने १९८३ मध्ये सगळ्यांना आवडेल असं गुळगुळीत संगीत केलं आणि मग पुढच्या दोन अल्बमांत त्याला दिशाच सापडली नाही. 'टुनाइट' आणि 'नेव्हर लेट मी डाउन' पुन्हा ऐकावेसे कोणाला वाटतात?

कॅसेटवाला

राग कसला. त्या दोन अल्बमांबद्दल बोवी स्वतःही समाधानी नव्हता. पण 'लेट्स डान्स'ला गुळगुळीत म्हणू नका.

अल्बमचा निर्माता नाइल रॉजर्स याने सांगितलं आहे की बोवी हे गाणं बारा तारांच्या गिटारवर घेऊन आला तेव्हा ते एखाद्या लोकगीतासारखं वाटत होतं. रॉजर्सने त्याचा नाच केला. अल्बम अवघ्या १७ दिवसांत झाला. आणि गिटारला कोणाला बसवलं? टेक्ससच्या स्टीवी रे वॉनला, ज्याचा स्वतःचा पहिला अल्बमही तोवर आला नव्हता. १९८२ च्या माँत्रो जॅझ महोत्सवात काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती, बोवीने मात्र त्याला तिथेच हेरलं. न्यूयॉर्कचा डान्स फ्लोअर आणि टेक्ससचा ब्लूज एका गाण्यात! शुक्रताराताईंचा मुद्दा इथे पुरेपूर लागू पडतो.

'चायना गर्ल'बद्दलही सांगतो. ते मूळ इगीच्या 'द इडियट'मधलं, दोघांनी मिळून रचलेलं. बोवीने १९८३ मध्ये ते पुन्हा गायलं, प्रचंड चाललं, आणि त्या मानधनाने आर्थिक ओढगस्तीतल्या इगीला हात दिला.

त्याच वर्षी एमटीव्हीच्या निवेदकाला त्याच्याच वाहिनीवर त्याने शांतपणे विचारलं होतं, की तुमच्याकडे कृष्णवर्णीय कलाकारांची गाणी इतकी कमी का दिसतात? निवेदक सारवासारव करत राहिला आणि बोवी पुन्हा पुन्हा मुद्द्यावर येत राहिला. ज्यांच्या संगीतावर तो १९७५ पासून उभा होता त्यांच्यासाठी तो बोलला.

मध्यलय

स्टीवी रेच्या दृष्टीने परत ऐकतो. पण माझं मत एवढ्यात बदलणार नाही :)

खर्जातला सा

इतकं बोलणं झालं पण गळ्याबद्दल कोणी बोललं नाही. मी गाणं शिकवते, म्हणून माझं लक्ष तिकडेच.

'हंकी डोरी'त तो नाकातून, पातळ, ब्रिटिश नाटकी ढंगात गातो. 'यंग अमेरिकन्स'मध्ये फिलाडेल्फियात जाऊन सोल गायचा प्रयत्न, मागे कोरसमध्ये तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला ल्यूथर वँड्रॉस. आणि 'स्टेशन टू स्टेशन'पासून तो भारदस्त, छातीतला खर्ज सापडतो. शीर्षकगीत दहा मिनिटांचं आहे, आगगाडीच्या आवाजाने सुरू होतं आणि तीन मिनिटं उलटून गेल्यावर बोवी पहिल्यांदा गातो. त्याच अल्बमच्या शेवटी 'वाइल्ड इज द विंड' आहे, नीना सिमोनमुळे त्याला भावलेलं. त्यात शेवटी श्वास किती लांबवला आहे पाहा. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते ऐकवते, कारण त्यात प्रत्येक वेळी सूर लावण्याआधीचा विचार ऐकू येतो.

रूपं कितीही बदलली तरी शब्द ओढण्याची त्याची एक लकब आहे, स्वर मधेच किंचित मोडायची. ती १९६९ च्या 'स्पेस ऑडिटी'तही आहे आणि २०१६ मध्येही.

तिसरा मजला

त्या काळातलं एक टोचणारं सांगायला हवं. थिन व्हाइट ड्यूकच्या दिवसांत, १९७५-७६ मध्ये, त्याने मुलाखतींत फॅसिझम आणि हिटलरबद्दल भलतीच विधानं केली होती. चाहते म्हणून आपण ते टाळतो.

शुक्रतारा

टाळू नयेच. ती विधानं घातक होती. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये वंशद्वेष्टे रस्त्यावर उतरत होते, आणि 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली त्यामागे एरिक क्लॅप्टनच्या बरळण्याबरोबर बोवीची ही वाक्यंही होती. नशेत आपलं भान सुटलं होतं असं त्याने पुढे सांगितलं आणि त्या काळाची त्याला शरम वाटत राहिली. पण ऐकणाऱ्यांना झालेला त्रास त्याने पुसला जात नाही. 'स्टेशन टू स्टेशन' मला प्राणप्रिय आहे आणि ही गोष्ट माहीत असूनच मी तो ऐकते.

पाऊसवेडी

'ब्लॅकस्टार'वर कोणीच लिहिलं नाही? मग मीच लिहिते.

८ जानेवारी २०१६, त्याचा ६९ वा वाढदिवस, अल्बम आला. १० तारखेला तो गेला. यकृताचा कर्करोग, दीड वर्षाचा आजार, आणि जवळच्या मोजक्या माणसांपलीकडे कोणाला पत्ता नाही. मधल्या दोन दिवसांत आम्ही सगळे या जॅझमध्ये बुडालेल्या अल्बमची चर्चा करत होतो, आणि सोमवारी भारतात दुपार व्हायच्या सुमारास बातमी आली. त्यानंतर तीच गाणी वेगळी ऐकू यायला लागली. 'लॅझरस'च्या चित्रफितीत डोळ्यांवर पट्टी, पट्टीवर डोळ्यांच्या जागी बटणं, आणि रुग्णशय्येवर तो.

शुक्रतारा, तुझा मुद्दा शेवटपर्यंत खरा ठरतो बघ. मरणाच्या दारात असताना हा माणूस जुन्या सवंगड्यांना गोळा करून बसला नाही. जॅझ संगीतकार मारिया श्नायडरच्या सांगण्यावरून २०१४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या ५५ बार नावाच्या छोट्याशा ठिकाणी डॉनी मॅकॅस्लिनच्या जॅझ चमूला ऐकायला गेला आणि त्यांनाच घेऊन अल्बम केला. मॅकॅस्लिनचा सॅक्सोफोन, मार्क गिलियानाचे ड्रम्स. विस्कॉन्टी तेवढा जुना. त्या दिवसांत ते रॅपर केंड्रिक लमारला ऐकत होते, असं विस्कॉन्टीने सांगितलं आहे.

शीर्षकगीत दोन वेगळ्या गाण्यांना जोडून केलेलं आहे, आणि दहा मिनिटांहून लांब गाणं आयट्यून्सवर सुटं विकता येत नव्हतं म्हणून ते ९ मिनिटं ५७ सेकंदांवर आणलं. शेवटच्या 'आय कान्ट गिव्ह एव्हरीथिंग अवे'मध्ये माउथ ऑर्गन येतो तो नीट ऐका, मग 'लो'मधलं 'अ न्यू करिअर इन अ न्यू टाउन' लावा. एकोणचाळीस वर्षांपूर्वीची ती फुंकर आहे.

ढोलताशा

गिलियानाचं वादन 'सू'मध्ये ऐका, तिथे हाताने वाजवलेले ड्रम-अँड-बेसचे तुकडे आहेत. १९९७ च्या 'अर्थलिंग'मध्ये बोवी जे यंत्रांकडून करून घेत होता, ते इथे हाडामांसाचा वादक वाजवतोय.

आणि 'स्पेस ऑडिटी'मधला अंतराळवीर मेजर टॉमही राहिला. १९६९ मध्ये अंतराळात हरवलेला, १९८० च्या 'अ‍ॅशेस टू अ‍ॅशेस'मध्ये नशेच्या गर्तेत सापडलेला, आणि 'ब्लॅकस्टार'च्या चित्रफितीत परग्रहावर पडलेला अंतराळवीराचा पोशाख, आत रत्नजडित कवटी. टॉमचं नाव बोवीने तिथे घेतलं नाही, पण चाहत्यांनी ओळखायचं ते ओळखलं.

नवखी श्रोता

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मी फक्त लोकप्रिय गाण्यांचा संग्रह ऐकलाय. आता अल्बम कुठून सुरू करू?

शुक्रतारा

संग्रह बाजूला ठेव आणि 'हंकी डोरी' लाव. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात गोड. तो आवडला की थेट 'स्टेशन टू स्टेशन', मधले नंतर ऐकता येतील. मग 'लो', पण त्याची दुसरी बाजू घाईत ऐकू नकोस. तिथे शब्द जवळजवळ नाहीतच. 'वार्शावा'ची सुरुवात विस्कॉन्टीच्या चार वर्षांच्या मुलाने पियानोवर वाजवलेल्या तीन सुरांतून झाली. या अल्बमवर बोवीसोबत काम करणाऱ्या ब्रायन ईनोने ते ऐकले, त्याच्या शेजारी बसून पुढची चाल पूर्ण केली, आणि बोवी त्यावर स्वतः रचलेल्या, कुठल्याच भाषेत नसलेल्या शब्दांत गायला.

कॅसेटवाला

आणि यादीत 'द बुद्धा ऑफ सबर्बिया' घाला, १९९३. हनीफ कुरेशींच्या कादंबरीवरच्या बीबीसी मालिकेच्या निमित्ताने केलेला. कुरेशी बोवीच्याच शाळेत शिकलेले. तो अल्बम तेव्हा कोणाच्या नजरेत आला नाही, दुकानातही मागून घ्यावा लागला. त्यात माइक गार्सन पुन्हा पियानोवर आहे. शुक्रताराताई, तुम्ही त्यातलं 'साउथ हॉरायझन' ऐकलंय का?

शुक्रतारा

नाही काका! आत्ता लावते. ऐकून झालं की सविस्तर लिहीन. बाकीच्यांनीही या आठवड्यात तेच ऐका, म्हणजे पुढची चर्चा त्यावर करता येईल.